नासपतीची पानं

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. मार्कस ऑरेलियसचं 'मेडिटेशन्स' पन्नास पानांतच मिटून ठेवलंस, 'तेच तेच सांगतो' म्हणून. मीही तुझ्या वयात तेच केलं होतं. मरण अटळ आहे, लोकांवर चिडू नकोस, पुन्हा मरण, पुन्हा चिडू नकोस. कंटाळा येणारच.

फार उशिरा लक्षात आलं, की तो मला काही सांगतच नव्हता. रोमचा हा सम्राट स्वतःसाठी ग्रीकमध्ये टिपणं करत होता, त्यातली काही तर मोहिमेवर असताना. पाचव्या भागाच्या सुरुवातीला तर सकाळी अंथरुणातून उठण्यासाठी तो स्वतःचीच समजूत घालतो. सम्राटाला दुसरं कोण उठवणार, म्हणा! 'चिडू नकोस' हे दहाव्यांदा लिहावं लागतं, कारण आधी नऊ वेळा राग आवरलेला नसतो. एवढं कळल्यावर मला ते पुस्तक उपदेशाचं वाटेनासं झालं.

तेव्हापासून मी पुस्तकात सुविचार शोधत नाही. लिहिणारा कुठे अडतो, ते बघतो.

ख्रिस्ती संत ऑगस्टिनच्या 'कन्फेशन्स' या आत्मकथेचंच घे. सोळाव्या वर्षी टोळक्याबरोबर जाऊन त्यानं नासपती चोरले. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळं होती, आणि चोरलेली बहुतेक डुकरांपुढे टाकली. एवढीशी गोष्ट! पण चाळिशी ओलांडलेला हा बिशप तिच्याभोवती पानंच्या पानं घुटमळतो. का केलं? एकटा असतो तर केलं असतं का? नसतंच केलं, असं तो म्हणतो, आणि तरीही त्याचं समाधान होत नाही. वाचताना मला माझ्या टोळक्यातले दोन-तीन प्रसंग आठवले. ते इथे लिहीत नाही.

अठराव्या शतकातला विचारवंत रूसो, त्याच्या आत्मचरित्रातला कबुलीजबाब मात्र जरा सांभाळून वाच. तरुणपणी नोकरीत असताना त्यानं एक फीत चोरली आणि आळ घातला तिथल्या स्वयंपाकाच्या मुलीवर. दोघांचीही नोकरी गेली. कबुली तो मोकळेपणानं देतो खरा, पण लगेच सारवासारवही करतो: ती मनात होती, म्हणून तिचंच नाव तोंडी आलं म्हणे. तिचं पुढे काय झालं, ते त्यालाही ठाऊक नाही. अशा जागी पुस्तक थोडा वेळ मिटावं आणि त्या मुलीचा विचार करावा. आत्मचरित्रात एकाचीच बाजू असते.

हे सगळं जड वाटलं, तर आधी आपल्याकडचा जैन व्यापारी-कवी बनारसीदास वाच. माणसाचं पूर्ण आयुष्य 110 वर्षांचं धरून त्यानं पंचावन्नाव्या वर्षी, 1641 मध्ये, आपली गोष्ट पद्यात लिहिली आणि नाव दिलं 'अर्धकथानक'. व्यापारात सपाटून मार खाल्लेला माणूस, पण रडगाणं नाही. शेवटी स्वतःचे गुण सांगतो आणि मग दोषही.

ऑगस्टिनची माझी प्रत सोबत पाठवतो आहे. त्यातल्या पेन्सिलीच्या रेघांकडे लक्ष देऊ नकोस, त्या माझ्या विशीतल्या आहेत. नासपतीच्या पानांवर एकही नाही.