पाखरे टिपतात ती अंगणातली रानभाजी माणसाने खावी का? (सोलापूर)

पाखरे खातात एवढ्यावरून कोणतीही वनस्पती खाऊ नये. घोळ ही रानभाजी मात्र ओळख पक्की असल्यास खुशाल खावी. कोकीळ पिवळ्या कण्हेरीची फळे खातो, पण तीच माणसाच्या हृदयाला घातक ठरतात, त्यामुळे पक्ष्यांकडून फळे पिकल्याचे कळते, ती आपल्याला चालतील की नाही हे कळत नाही. सोलापूरकडे पावसानंतर उगवणाऱ्या घोळीची पाने मांसल व गुळगुळीत आणि देठ तांबूस असतात. तिच्याच शेजारी जमिनीलगत पसरणाऱ्या नायटी नावाच्या तणाचा देठ मोडला की पांढरा चीक येतो, आणि ही खूण दिसताच ती टाकून द्यावी. मंडईतली घोळीची जुडी शेजारी ठेवून पडताळणे सर्वांत खात्रीचे. घोळीत ऑक्झलेट भरपूर असल्याने मूतखडा झालेल्यांनी मात्र ही भाजी टाळावी.