काँग्रेसमध्ये बहुमत गेलं तर अमेरिकेचं सरकार पडतं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: अध्यक्षांच्या पक्षाचं काँग्रेसमधलं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेतलं, बहुमत गेलं तर सरकार पडतं का, आणि शटडाऊन झालं की एच-१बी या नोकरीच्या व्हिसाचं काम थांबतं का. दोन्हींचं मूळ एकच, म्हणून एकत्रच लिहितो.

सरकार पडत नाही. एप्रिल १९९९ मध्ये वाजपेयींचं सरकार एका मतानं गेलं, कारण आपलं मंत्रिमंडळ लोकसभेच्या विश्वासावर टिकतं. अमेरिकेत अविश्वास ठरावच नाही. अध्यक्ष चार वर्षांसाठी स्वतंत्रपणे निवडून येतो. प्रतिनिधीगृहाचे ४३५ सदस्य दर दोन वर्षांनी निवडले जातात, सिनेटच्या शंभर जणांची मुदत सहा वर्षांची. अध्यक्षाला काँग्रेस बरखास्त करता येत नाही आणि त्याच्या मंत्र्यांना तिथलं सदस्य राहता येत नाही. हिलरी क्लिंटन २००९ मध्ये परराष्ट्रमंत्री झाल्या त्या सिनेटची जागा सोडूनच.

महाभियोग आहे, पण तो गंभीर गुन्ह्यांसाठी. 'बहुमत नाही, निघा' म्हणायला नव्हे. आरोप प्रतिनिधीगृह ठेवतं, खटला सिनेटमध्ये चालतो आणि पदावरून काढायला दोन तृतीयांश मतं लागतात. १८६८ मध्ये अँड्र्यू जॉन्सन यांच्याविरुद्ध ३५ मतं पडली, हवी होती ३६. म्हणजे तेही प्रकरण एका मतावरच आलं, फक्त इथं त्या मतानं माणूस वाचला. सिनेटनं आजवर एकाही अध्यक्षाला घालवलेलं नाही. निक्सन १९७४ मध्ये आधीच राजीनामा देऊन मोकळे झाले.

बहुमत गेल्यानं सरकार पडत नाही, पण अध्यक्षाच्या नेमणुका अडू शकतात. न्यायालयाचंच बघा. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश अध्यक्ष नेमतो, सिनेट मंजुरी देते, आणि मग ते तहहयात. पण मंजुरी देण्याची सक्ती नाही. २०१६ मध्ये ओबामांनी मेरिक गारलँड यांचं नाव पाठवलं, तर विरोधी रिपब्लिकन पक्षाचं बहुमत असलेल्या सिनेटनं सुनावणीच घेतली नाही. नियमात बसत होतं. माझ्या मते तरी तो शुद्ध अडेलतट्टूपणा होता.

आता पैसा. तिजोरीतून काढायची रक्कम कायद्यानंच मंजूर व्हावी लागते. त्यासाठी दोन्ही सभागृहं हवीत, वर अध्यक्षाची सही. अध्यक्षानं नकाराधिकार वापरला तर दोन्हीकडे दोन तृतीयांश मतं जमवावी लागतात, आणि ती क्वचितच जमतात. आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. तोवर तडजोड झाली नाही की कुणाचीच खुर्ची जात नाही, सरकारी खाती मात्र बंद पडतात. हेच ते शटडाऊन. विमानतळावरचे कर्मचारी कामावर येतात, पण पगार थकतो.

तुमच्या एच-१बीची गोम इथेच आहे. अर्ज तपासणारं इमिग्रेशन खातं मुख्यतः आपण भरलेल्या फीवर चालतं, त्यामुळे ते सुरू राहतं. पण अर्जासोबत लागणारा एलसीए (पगार आणि कामाच्या अटींबद्दलचा मंजूर कागद) देतं कामगार खातं, आणि त्याचा तो विभाग काँग्रेसच्या पैशावर चालतो. २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये तो बंद पडला होता. फाईल तयार, वकील तयार, आणि एका कागदासाठी सगळे ताटकळत. एलसीए नोकरीच्या तारखेच्या सहा महिने आधीपर्यंत मागता येतो आणि यायला साधारण आठवडा लागतो. तुमचं एक्स्टेन्शन हिवाळ्यात असेल, तर वकिलाला तो ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच काढून ठेवायला सांगा.