टाकी रिकामी का करतात?

प्रश्न : ऑटो युनियन या जर्मन कंपनीची १९३६ची रेसगाडी प्रदर्शनात चालवून झाली, की लगेच टाकी रिकामी करतात म्हणे. इंधन तसंच राहिलं तर काय बिघडतं?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : भाऊ, बरंच बिघडतं! त्या गाडीत, म्हणजे ‘टाइप सी’त, ड्रायव्हरच्या पाठीमागे सहा लिटरचं, १६ सिलिंडरचं, सुपरचार्जरवालं (म्हणजे हवा दाबून आत भरणारं) इंजिन; ताकद ५२० हॉर्सपॉवरच्या घरात. त्याला मिथेनॉलचं, म्हणजे एका प्रकारच्या अल्कोहोलचं, मिश्रण लागायचं. मिथेनॉल वाफ होताना पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त उष्णता ओढतं, म्हणून इंजिन थंड राहतं. पण ते हवेतला ओलावाही ओढतं आणि ॲल्युमिनियम खातं. हवा-इंधन मिसळणारा कार्बोरेटर असं इंधन आत ठेवून महिनोन्‌महिने पडून राहिला, तर आत पांढरी भुकटी धरते, जेटचं (इंधन सोडणाऱ्या बारीक नळीचं) भोक बुजतं. आपल्या धुळ्या-जळगावच्या कोरड्या मे महिन्यात हे पटणार नाही, पावसाळ्यात पटेल. म्हणून टाकी उपसायची, कार्बोरेटर पेट्रोलने धुवायचा.

महायुद्धानंतर जर्मनीतल्या त्स्विकाऊ गावच्या ऑटो युनियन कारखान्यातल्या गाड्या रशियनांनी नेल्या. अस्सल फार थोड्या उरल्या, त्यामुळे पुष्कळदा हुबेहूब नव्याने बांधलेलीच पळते. तरी काचेआड ठेवण्यापेक्षा चालवाव्यात, असं माझं गॅरेजवाल्याचं मत. सील सुकण्यापेक्षा झिजलेलं परवडतं.