गल्लीतल्या सह्या गोळा झाल्या, आता नगर परिषदेत निवेदन कसं द्यायचं?

तुम्ही विचारलंय की गल्लीत बारा-बारा दिवस नळाला पाणी येत नाही, आलं तरी शेवटच्या घरांपर्यंत पोचत नाही, चाळीसेक घरांच्या सह्या घेतल्यात, आता कागद द्यायचा कुणाला आणि दिल्यावर पुढे काय. मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. वॉर्डातल्या लोकांची निवेदनं लिहून देण्याचं काम बरीच वर्षं करतोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी सह्यांचं बघा. कोऱ्या कागदावर घेतल्या असतील तर परत घ्या. सह्यांच्या प्रत्येक पानावर वरती विषय आणि मागणी लिहिलेली हवी, नाहीतर ‘आम्हाला दुसरंच सांगून सही घेतली’ असं म्हणायला जागा राहते. सहीसमोर पूर्ण नाव आणि घरपट्टीच्या पावतीवरचा मालमत्ता क्रमांक टाका. हे चाळीस लोक पालिकेचेच करदाते आहेत, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

निवेदनात मागणी एकच ठेवा. पाणी, नाली, खांबावरचा दिवा, मोकाट डुकरं असं सगळं एकाच कागदावर घातलं की तो कागद कोणत्याच विभागाचा राहत नाही. तुमचं दुखणं पाण्याचं आहे ना, मग एवढंच लिहा: ‘मारुती मंदिरामागील गल्लीत सुमारे 12 दिवसांनी पाणी सुटते. मागील दोन महिन्यांत पाणी आलेल्या तारखा सोबत जोडल्या आहेत. गल्लीच्या तोंडावरील व्हॉल्व्ह नादुरुस्त असल्याने शेवटच्या घरांना पाणी मिळत नाही. व्हॉल्व्ह बदलून द्यावा व पाणी सोडण्याचे वेळापत्रक जाहीर करावे, ही विनंती.’ तारखा आठवत नसतील तर गल्लीतल्या बायकांना विचारा, त्यांना तोंडपाठ असतात. व्हॉल्व्हची मात्र वॉलमनकडून, म्हणजे पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याकडून, खात्री करून मगच लिहा.

निवेदन मुख्याधिकाऱ्यांच्या नावे द्यायचं, कारण कारभार चालवणारे ते. प्रती नगराध्यक्षांना आणि तुमच्या प्रभागाच्या नगरसेवकांना. 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम 49 मध्ये पालिकेची कर्तव्यं दिली आहेत, त्यात पाणीपुरवठा येतो. तेवढा एका ओळीत उल्लेख करा. कायद्याची पानंच्या पानं जोडायची गरज नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कागद साहेबांच्या हातात देऊन, फोटो काढून घरी येऊ नका. फोटो जरूर काढा, पण आधी आवक-जावकच्या टेबलावर जा. तिथे निवेदन नोंदवहीत चढतं आणि तुमच्या दुसऱ्या प्रतीवर गोल शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि लिपिकाची सही मिळते. ही पोच. शिक्का पुसट उठला किंवा क्रमांक टाकायचा राहिला, तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. ‘ठेवून जा, नंतर देतो’ म्हणाले तर थांबून राहा. घेतच नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. आमच्याकडे कितीतरी रास्त तक्रारी निव्वळ पोच नसल्यामुळे मेल्या, याचं मला आजही वाईट वाटतं. पोच नसेल तर पुढे विचारायचं तरी कशाच्या आधारावर?

पंधरा दिवसांत हालचाल दिसली नाही तर तोच आवक क्रमांक लिहून स्मरणपत्र द्या आणि त्याचीही पोच घ्या. सोबत ‘आपले सरकार’ पोर्टलवर तक्रार टाका, तिथे उत्तर देण्याची मुदत ठरलेली आहे. तरी उत्तर नाही, तर माहितीचा अधिकार. अर्जावर 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावा. विषय एकच ठेवा आणि मजकूर 150 शब्दांच्या आत बसवा, महाराष्ट्राचा तसा नियम आहे. ‘का केलं नाही’ असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. ‘अमुक आवक क्रमांकाच्या निवेदनावर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची आणि शेऱ्यांची प्रत द्यावी’ असं मागा. 30 दिवसांत माहिती आली नाही तर प्रथम अपील करता येतं. माझा अनुभव असा की असा अर्ज पडला की अडकलेली फाईल बहुतेक वेळा हलते.

जिल्हाधिकाऱ्यांचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, पण तिथे वैयक्तिक तक्रारच घेतात, सामूहिक निवेदन चालत नाही. म्हणून ज्यांच्या घरी पाणी अजिबात पोचत नाही अशा एखाद्याने स्वतःच्या नावाने, विहित नमुन्यात, 15 दिवस आधी अर्ज द्यावा.

व्हॉल्व्ह बदलणं हे प्रशासनाच्या पातळीवर होण्यासारखं काम आहे. गल्लीसाठी नवी पाईपलाईन हवी असेल तर मात्र पैशाची तरतूद लागते आणि विषय सर्वसाधारण सभेत यावा लागतो. तो विषयपत्रिकेवर घेण्यासाठी नगरसेवकांना लेखी पत्र द्या. पालिकेचं आर्थिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं आणि अंदाजपत्रकाची जुळवाजुळव हिवाळ्यातच चालते. उन्हाळ्यात टँकर सुरू झाल्यावर दिलेलं पाईपलाईनचं निवेदन त्या वर्षाच्या तरतुदीत सहसा बसत नाही, म्हणून ते दिवाळीनंतर लगेच द्या. व्हॉल्व्हचं निवेदन मात्र याच आठवड्यात देऊन टाका.