कार्टूनचा 'सेल' म्हणजे पेशी नव्हे हो!

जुन्या कार्टूनचे 'ओरिजिनल प्रॉडक्शन सेल' विकायला असतात, त्यातल्या सेलला मराठीत पेशी म्हटलं तर चालेल का, असा प्रश्न आलाय. अहो नाही चालणार! ही पेशी मी आता तिसऱ्यांदा वाचतोय आणि दरवेळी डोकं फिरतं. डिस्काउंटवाला सेल आणि घड्याळातला सेल सगळ्यांना माहितीये, ते सोडून देतो.

हा सेल म्हणजे सेल्युलॉइड (एक जुनं प्लास्टिक) या शब्दाचं तोडलेलं शेपूट... शेपूट नाही, डोकं. म्हणून इंग्रजीत एकच एल. कार्टूनचं चित्र काढायची पारदर्शक शीट, पुढून शाईची रेघ आणि मागून रंग. उलटा करून बघा, भिंतीला लांबी फासल्यासारखे रंगाचे थर दिसतात आणि पुढून तेच एकदम गुळगुळीत. अर्ल हर्ड या अमेरिकन कार्टूनवाल्यानं १९१४ मध्ये याच्या पेटंटसाठी अर्ज केला, आयडिया अशी की मागचा देखावा एकदाच काढायचा आणि हलणारं तेवढंच सेलवर. कार्टूनमधल्या यॉगी बेअर अस्वलाच्या अंगात शर्ट नाही पण गळ्यात कॉलर-टाय आहे, कधी विचार केलाय का? धड एका सेलवर तसंच ठेवायचं, डोकं दुसऱ्यावर हलवायचं, जोड कॉलरखाली झाकला जातो. फॅशन कसली, काटकसर!

पण खरी गंमत पुढेच आहे. सेल्युलॉइड आलं सेल्युलोजवरून, ते सेल्युला म्हणजे छोट्या खोलीवरून आणि ती लॅटिन सेला म्हणजे खोलीवरून. म्हणजे पेशीवाल्या सेलचा आजोबा तोच, पण आजोबा एक म्हणून नातवंडांना एकमेकांच्या नावानं हाका मारायच्या का? या लॅटिन सेलाचा जुना उच्चार केल्ला, आणि जुन्या व्युत्पत्तिकारांनी तो 'झाकणे' अर्थाच्या ज्या धातूशी जोडला त्याच धातूला त्यांनी आपली संस्कृत शालाही जोडली! शाळा, गोशाळा, धर्मशाळा. नंतरचे पंडित इथे नाक मुरडतात. मुरडोत बापडे. लॅटिन क आणि संस्कृत श यांची जोडी त्यांना नवीन आहे का, शंभरालाच बघा की, केंतुम आणि शतम्. मला तर पुण्याचा १८७८ चा चित्रशाळा छापखाना आठवला की हसू येतं, चित्र अधिक शाळा, म्हणजे कार्टूनवाल्यांच्या कितीतरी आधी आपल्याकडे चित्राचा सेल होताच!

हां, प्रश्न राहिलाच. मराठीत सेलच म्हणा. फक्त विकायला काढलात तर पाटीवर 'सेलचा सेल' लिहू नका, लोक बॅटऱ्या मागायला येतील.