एमबीबीएसमधून सर्वांगीण डॉक्टर घडवायला अभ्यासक्रमात काय बदलायला हवं?

कागदावर बदलायचं फारसं काही राहिलेलं नाही. २०१९ ला सीबीएमई, म्हणजे प्रत्यक्ष काय करता येतं यावर भर देणारा अभ्यासक्रम आला, त्यातच वागणूक, नीतिमत्ता आणि संवाद शिकवणारं एटकॉम आलं, पुढे फर्स्ट इयरपासून मुलांना तब्येतीवर लक्ष ठेवायला कुटुंबं दत्तक द्यायला सुरुवात झाली. तरी मुलं लॉगबुकवर सह्या गोळा करतात आणि एमसीक्यू सोडवत बसतात, कारण पीजीची सीट त्यावरच मिळते. दोष शिकवणाऱ्यांचा आणि परीक्षेचा आहे.

मी इंटर्न होते तेव्हा टाइप वन डायबेटिसचा एक मुलगा दोन महिन्यांत तिसऱ्यांदा डीकेएमध्ये, म्हणजे इन्शुलिनअभावी रक्तात आम्ल साठून जीवावर बेततं त्या अवस्थेत आला. राउंडला सर म्हणाले, "इन्शुलिन बंद केलं असणार. नॉन-कम्प्लायंट लिही." आई सांगत होती, "नाय हो, मी सोता टोचते, रोज." मी लिहिलं, आणि रात्रभर तेच डोक्यात राहिलं.

डिस्चार्ज झाल्यावर एका रविवारी नवी मुंबईतल्या दिघ्याला त्यांच्या घरी गेले. चढावरची पत्र्याची खोली, फ्रीज नाही. "थंड जागी ठेवा" असं आम्हीच सांगितलेलं, म्हणून त्या माउलीने बाटली शेजारणीच्या फ्रीजमध्ये, बर्फाच्या खणात ठेवली होती. इन्शुलिन एकदा गोठलं की निकामी होतं. ती रोज ते वितळवून, न चुकता टोचत होती. नवी बाटली दिली, मातीच्या मडक्यात ठेवून भोवती ओलं फडकं गुंडाळायला दाखवलं. माझी इंटर्नशिप संपेपर्यंत तो मुलगा पुन्हा अ‍ॅडमिट झाला नाही.

सरांना सांगितलं तर म्हणाले, "डॉक्टर व्हायचंय की सोशल वर्कर?" आज ऐरोलीत वीस वर्षं दवाखाना चालवल्यावर सांगते, सर, ते मेडिसिनच होतं. चुकलं होतं ते तुमचं निदान.

तेव्हा बदलायचंच असेल तर परीक्षा बदला. लाँग केसला, म्हणजे परीक्षेत एक पेशंट सविस्तर तपासायला देतात तेव्हा, विचारा: पेशंट औषध कुठे ठेवतो, शिफ्ट कोणती, घरी स्वयंपाक कोण करतं? त्याला मार्क द्या, मुलं आपोआप विचारायला लागतील.

एक मात्र खरं, तिन्ही वेळा सलाइन, इन्शुलिन, पोटॅशियम सांभाळून त्या मुलाला वाचवलं ते याच सरांनी. तो अभ्यास कच्चा असेल तर घरी जाऊन काही उपयोग नाही.

तुमची मुलगी फर्स्ट इयरला आहे म्हणालात. तिला सांगा, दत्तक कुटुंबाकडे नुसतं बीपी मोजून परत येऊ नकोस, गोळ्यांचा डबा उघडून दाखवायला सांग. आणि कोणी सोशल वर्कर म्हणालं तर म्हणू दे.