मुसळधार पावसानंतर मासे गळाला जास्त का लागतात?

दोन दिवस झोडपून पाऊस झाला की तिसऱ्या दिवशी मासे भराभर लागतात, हे खरं की नुसता समज, असं तुम्ही विचारलंय. खरं आहे. पण कारण आभाळात कमी आणि वाहून येणाऱ्या पाण्यात जास्त आहे. पैठणला याचा पुरावा बघायला मिळतो. पाऊस कोसळतो नाशिककडे, दारणा-गंगापूर धरणांचं पाणी नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यावरून नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयात उतरतं आणि पैठणात चक्क ऊन असतं. तरी काठावर गळ टाकणाऱ्यांची चंगळ.

उन्हाळ्यात पाणी हटतं तशी काठची जमीन उघडी पडते. लोक तिथे गाळपेर करतात, म्हणजे उघड्या गाळात पिकं घेतात, उरलेल्या जागेत गवत माजतं. पाणी चढायला लागलं की हे सगळं बुडतं. गांडुळं, नाकतोडे, मुंग्या, बिळातले किडे, सगळे पाण्यात. ते खायला मासा पार गुडघाभर पाण्यात येतो. अशा वेळी मिळालेली मरळ चिरून बघा, पोट गच्च असतं, नाकतोड्यांच्या तंगड्या ओळखू येतात. आणि आपले हौशी लोक मात्र ताकद लावून गळ खोल पाण्यात भिरकावतात!

ऑक्सिजनचाही भाग आहे. 30 अंश तापलेल्या पाण्यात लिटरमागे साधारण साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 20 अंशाला नऊच्या आसपास. मे महिन्यातल्या आपल्या तळ्यांत मासा सुस्त पडून राहतो तो उगाच नाही. खळाळत आलेलं गार पाणी मिळालं की त्याची भूक उघडते.

त्यात चढणीचे दिवस, म्हणजे अंडी घालायला मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात ते. रोहू, कटला, मृगळ साचलेल्या तळ्यात वाढतात, पण सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचं नवं पाणी लागतं. 10 जुलै 1957 ला ओडिशात हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचं प्रजनन घडवून आणलं, ते याच अडचणीवर उपाय म्हणून. ही तारीख आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. तर हे मासे पावसात ओढ्याच्या तोंडाशी गोळा होतात. अंड्यांनी पोट फुगलेली मादी लागली तर मी सोडून देतो, तुम्हीही सोडा.

हवेचा दाब उतरतो म्हणून मासे खातात, असंही पुष्कळ जण छातीठोकपणे सांगतात. मला नाही पटत. मासा वीतभर खाली-वर झाला तरी त्याच्यावरचा दाब वीसेक मिलिबारने बदलतो. साध्या पावसाळी हवेत तेवढाही फरक क्वचितच पडतो.

आता आपल्या काळ्या मातीची गोष्ट. जितका पाऊस तितके मासे, हा हिशेब इथे चालत नाही. हा गाळ लवकर बसत नाही. हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवा. बोटं अंधुक दिसली तर बसा. एवढ्या गढूळपणात माशाला तुमची सावली दिसत नाही. मनगट बुडतानाच बोटं गायब झाली तर रोहूचा नाद सोडा. शिवडा, शिंगाळा हे मिशावाले वासावर येतात, त्यांच्यासाठी गांडूळ लावून बघायला हरकत नाही. गढूळ ओढा निवळ पाण्याला मिळतो तिथे दोन रंगांची रेघ स्पष्ट दिसते. गळ त्या रेघेला लागून, निवळ बाजूला टाका.

पहिल्याच वळवानंतर मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करत असतील तर मात्र गळ काढूच नका. वाहून आलेल्या घाणीने पाण्यातला ऑक्सिजन खाल्लेला असतो, गुदमरलेला मासा आमिषाकडे बघतही नाही.

धरणाच्या दरवाजांखालीही मासे खूप जमतात, पण तिथे जाऊ नका. विसर्ग कधी वाढेल सांगता येत नाही, आणि वाढला की पळायला वेळ मिळत नाही. त्यापेक्षा फुगवट्याच्या, म्हणजे धरणामागे तुंबलेल्या पाण्याच्या, वरच्या टोकाला ओढे मिळतात तिकडे जा. फक्त त्या तलावाचा मासेमारीचा ठेका कोणत्या संस्थेकडे आहे ते गावात आधी विचारून घ्या.